दाराला टेकलेला माणूस

व्यसन सोडायला आलेली माणसं एका घरात महिनोन्महिने एकत्र राहतात, तेव्हा ती एकमेकांना किती सावरतात आणि किती बिघडवतात, हे मोजणं हे माझं काम. आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरात मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. एवढं सांगायला पगार देतात तुला?"

"कुणाचा गुण कुणाला लागला, ते सांगायला देतात," मी म्हटलं.

"मग आधी आपल्या घरातलं सांग," असं म्हणून तिनं आतल्या खोलीकडे बोट केलं. आत माझा धाकटा भाऊ झोपलेला होता. दुपार व्हायला आली होती आणि खोलीतून जो वास येत होता त्याबद्दल आम्ही दोघी बोलत नसू. त्याचं लग्न मोडलं होतं, गुडगावची नोकरी गेली होती, आणि आईच्या पेन्शनवर दोघं राहत होते. मी मुनिरक्याला भाड्याच्या खोलीत, कारण आमची संस्था तिथून जवळ. रविवारी येऊन मी आईवर चिडायची, भावावर चिडायची आणि मेट्रोत बसून स्वतःवर चिडायची. मला चिडायला कारण लागत नाही, असं आमच्याकडे म्हणतात, आणि ते खरं आहे.

मी ज्याचा अभ्यास करत होते ते घर गाझियाबादेत होतं. एका मंगल कार्यालयाच्या मागे, भाड्यानं घेतलेली तीन मजली इमारत. आत सगळे पुरुष. पहिल्या दिवशी मला दिसलं ते एवढंच, की दारांना कड्या नाहीत. कड्या, बोल्ट, कुलपं, सगळं काढून टाकलेलं, आणि स्क्रूची भोकं साबणाच्या तुकड्यांनी बुजवलेली. प्रत्येक दाराशी फडक्यात गुंडाळलेली एक वीट, दार उघडं राहावं म्हणून. न्हाणीघराला नुसता पडदा. त्यात आत गेलेल्या माणसानं बाहेर येईपर्यंत गुणगुणत राहायचं, असा नियम होता. गुणगुणणं थांबलं की बाहेरचा हाक मारायचा, आणि उत्तर आलं नाही तर सरळ आत शिरायचा. म्हणजे आतला जिवंत आहे हे सगळ्यांना कळत राही. मला ते शहाणपणाचं वाटलं. फक्त जिन्यानं वर जाताना प्रत्येक मजल्यावरून न दिसणाऱ्या माणसाचं गुणगुणणं यायचं, तेव्हा मी जरा भरभर चढायची.

दुसरा नियम "दिवस" सांगण्याचा. रोज सकाळी सगळे खुर्च्यांचं कडं करून बसत. नवा आलेला माणूस कड्याच्या मागे, जमिनीवर. त्यानं कधीतरी उठून आपल्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस सगळ्यांसमोर सांगायचा. तो सांगून झाला की त्याला खुर्ची मिळायची, घरी फोन करता यायचा, स्वयंपाकघरात काम मिळायचं. सांगितला नाही तोवर जमीन. सांगण्याची सक्ती नव्हती. पण पंधरा-वीस माणसांच्या पाठी बघत रोज सकाळी जमिनीवर बसणं ही सक्ती नाही तर काय, ते मला अजून कळलेलं नाही.

मी कोपऱ्यात बसून कोण कुणाशी बोलतो, कुणाचं ऐकून कोण गप्प होतो, हे टिपायची. अडचणीत कुणाकडे जाता, असं प्रत्येकाला एकट्याला विचारायची. मग कागदावर ठिपके आणि बाण. नावं लिहायची नाहीत, ठिपके फक्त. माझे सर मोठ्या आशेनं ते कागद बघायचे.

त्या घरातला सगळ्यात जुना माणूस शिंपी होता. तब्येतीनं बारीक, बोलायला मऊ, सगळ्यांच्या उसवलेल्या बाह्या शिवून द्यायचा. बहुतेक बाण त्याच्याकडेच जायचे. नव्यांना धीर यावा म्हणून तो आपला दिवस अधूनमधून पुन्हा सांगायचा, आणि मी तो माझ्या पहिल्याच आठवड्यात ऐकला. थंडीचे दिवस, बाहेर धुकं. वडील आजारी, बाहेरच्या खोलीत झोपलेले. ते म्हणाले, "बेटा, दरवाज़ा मत लगाना." ह्याला प्यायला बसायचं होतं, वास आत जाऊ नये म्हणून ह्यानं दार लावून घेतलं. सकाळी दार उघडेना. ढकललं तर पलीकडे काहीतरी मऊ लागे. खांद्यानं जोर लावला तेव्हा कळलं, वडील रात्रीच उठून आले होते आणि दाराला पाठ टेकून बसल्या बसल्या गेले होते. शिंपी हे इतक्या हळू सांगत होता की मंगल कार्यालयातल्या बँडचा आवाज ऐकू येत होता. मी लिहायचं विसरले.

पुढे एक बँकेतला माणूस आला. काही दिवस जमिनीवर बसला आणि मग त्यानं त्याचा दिवस सांगितला. त्यात त्याची आजी होती, थंडी होती, आणि दार उघडत नव्हतं. मला वाटलं, असेल. म्हातारी माणसं थंडीत जातात. मग एक तरुण इंजिनिअर. त्याच्या गोष्टीत मोठा भाऊ होता, पण दार तेच. तिसऱ्यानं दार सांगितलं तेव्हा मी कड्यातल्या बाकीच्यांकडे पाहिलं. आपल्या गोष्टीसारखी दुसऱ्याची गोष्ट ऐकून कुणी दचकेल, कुणी चिडेल, असं मला वाटत होतं. सगळे माना डोलवत होते. ज्यांनी आधी दार सांगितलं होतं ते उजवा खांदा चोळत होते.

सर खूश झाले. "अरे, यही तो चाहिए! ये देखो, असर चलता हुआ दिख रहा है. सोर्स कौन है, बस वो पक्का करो." मी म्हटलं, सोर्स शिंपी, त्यात काय पक्कं करायचं. तरी शास्त्र म्हणून त्याला विचारायला गेले. तो गच्चीवर उन्हात बसून कुणाच्यातरी पँटला शिलाई मारत होता. मी इकडचं तिकडचं बोलून विचारलं, वडिलांना जाऊन किती वर्षं झाली?

त्यानं सुई थांबवली. "पिताजी? पिताजी तो मेरठ में हैं, मैडम. परसों ही फ़ोन आया था. घुटने का ऑपरेशन बोल रहे हैं डॉक्टर."

तो खोटं बोलताना पकडला गेल्यासारखा मुळीच दिसत नव्हता. उलट माझीच कीव आल्यासारखं म्हणाला, "मुझे भी किसी ने सुनाया था. पर याद तो मुझे ही है ना. धक्का मैंने दिया था. ये कंधा." आणि त्यानं शर्ट बाजूला करून खांदा दाखवला. खांद्याला काही झालेलं नव्हतं. "सर्दी में बहुत दुखता है," तो म्हणाला.

कुणी सांगितलं, विचारल्यावर म्हणाला, त्याच्या पलंगावर त्याच्या आधी जो होता त्यानं. खाली येऊन मी घराची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्या पलंगावर आधी कुणी नव्हतंच. घर सुरू झालं तेव्हा पहिला आलेला माणूस हा शिंपीच. त्या संध्याकाळी मी शिंप्याच्या ठिपक्याकडे येणारा एक बाण काढला आणि त्याचं दुसरं टोक कागदाच्या कडेबाहेर नेलं. पुढे काय काढावं ते मला सुचलं नाही.

हे चाललेलं असतानाच भाऊ जिन्यात पडला. हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला घेतलं. लिव्हर इतकं गेलंय, की पुन्हा प्यायला तर आणू नका, आणून उपयोग नाही, असं त्यांनी मला सरळ मराठीत सांगितलं. त्या नागपूरच्या होत्या. मराठीत ऐकल्यामुळे ते वाक्य मला जास्त लागलं. हिंदीत असतं तर कदाचित मी वाद घातला असता.

मला एकच घर माहीत होतं. सरांना विचारलं. ते म्हणाले, "ले आओ. बस उसको गिनना मत." म्हणून त्या कागदांवर माझ्या भावाचा ठिपका नाही. बाकी सगळ्यांचे आहेत.

तो जमिनीवर बसला. एक महिना गेला, दुसरा गेला. त्याच्या मागून आलेले खुर्चीवर जाऊन बसले, हा जमिनीवरच. भेटायची परवानगी होती त्या दिवशी फाटकाशी उभा राहून मला म्हणाला, "ताई, मला दिवसच नाही यार. सगळ्यांकडे आहे. मी आठवून आठवून दमलो."

"बाबांचा दिवस सांग की," मी म्हटलं.

"त्यात काय आहे? मी जॅममध्ये होतो."

ते खरंच होतं. बाबा गेले ते मे महिन्यात, भर दुपारी, हॉस्पिटलात. मी आणि आई जवळ होतो. बाबांचा हात माझ्या हातात होता आणि एसीच्या वाऱ्यानं तो गार पडत होता की आतूनच, हे मला कळत नव्हतं. भाऊ गुडगावहून निघाला होता आणि टोल नाक्याच्या आधी अडकला होता. तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. त्यात कुणाची चूक नव्हती. तो आधीही प्यायचा, पण त्या दिवसानंतर थांबेना. मला आता वाटतं, चूक असती तर बरं झालं असतं. चुकीला धरून माणूस रडू तरी शकतो. ट्रॅफिकला धरून कसं रडणार?

नंतरच्या आठवड्यात तो उठून उभा राहिला. मी कोपऱ्यात होते. त्यानं सांगायला सुरुवात केली तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मग तो म्हणाला, "सर्दी थी. पापा बाहर वाले कमरे में थे. उन्होंने कहा, बेटा, दरवाज़ा मत लगाना."

आम्ही त्यांना कधी पापा म्हटलं नाही. आणि बाबा आमच्याशी हिंदीत बोलण्यापेक्षा मुके राहिले असते. दिल्लीत जन्म काढला, पण घरात कुणी "अच्छा" म्हटलं तरी ऐकू न आल्यासारखं करायचे. मला इतका संताप आला की हातातलं पेन मी जोरात खाली ठेवलं. कुणी वळून पाहिलं नाही. भाऊ रडत होता, खरं रडत होता. सांगून झाल्यावर शिंपी उठला, त्यानं स्वतःची खुर्ची त्याला दिली. त्या दिवशी भाऊ पोटभर जेवला. त्याचा चेहरा कितीतरी वर्षांनी मला ओळखीचा वाटला. परत येताना मेट्रोत मी ठरवलं, बाहेर आला की सांगेन. आत्ता नको.

तो बाहेर आला, आणि मी सांगितलं नाही, कारण तो पीत नव्हता.

घरी आल्यावर त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल तर स्क्रू ड्रायव्हर घेतला. मयूर विहारच्या फ्लॅटमधल्या आतल्या सगळ्या दारांच्या कड्या काढल्या. भोकं साबणानं बुजवली आणि प्रत्येक दाराशी फडक्यात गुंडाळलेली वीट ठेवली. आई कडाडली, "पाहुणे आले म्हणजे त्यांनी काय करायचं?" त्यावर तो म्हणाला, "गुणगुणायचं." आईनं दोन दिवस अबोला धरला. मग एका रविवारी मी गेले, तर बाथरूममधून आरतीची चाल येत होती. आई अंघोळ करत होती.

असा उन्हाळा आला. बाबांची तिथी आली. आईनं वरण-भात, आमटी, खीर असं सगळं केलं. आम्ही तिघंच होतो. बाहेर गरम लू वाहत होती, कूलर गडगडत होता. भावानं खिरीची वाटी हातात घेतली आणि म्हणाला, "त्या दिवशी बाबांना फार थंडी वाजत होती ना. मी दार लावायला नको होतं."

मी वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर आलं. "अरे मे महिना होता! हॉस्पिटलात गेले ते! दुपारी! मी हात धरला होता त्यांचा. तू जॅममध्ये होतास. कसलं दार घेऊन बसलायस? ते दार तुझं नाही. कुणाचंच नाही. ज्यानं ते तिथं सांगितलं त्याचा बाप मेरठला गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतोय!"

त्यानं वाटी खाली ठेवली. त्याचे हात कापायला लागले, पूर्वी सकाळी कापायचे तसे. चेहऱ्यावरून कुणीतरी हात फिरवून सगळं पुसून घ्यावं तसं झालं. तो उठला, बाहेरच्या दाराशी जाऊन चपला घालायला लागला. "जरा खाली जाऊन येतो," म्हणाला.

खाली, मार्केटच्या टोकाला काय आहे, ते आम्हा तिघांना माहीत होतं. डॉक्टरीण बाईंचं वाक्य माझ्या कानात जसंच्या तसं वाजलं. मीच माझ्या तोंडानं त्याला उठवलं होतं.

तेवढ्यात आई म्हणाली, "शालीचं टोक दाराखालून बाहेर आलं होतं."

भाऊ थांबला. एक चप्पल पायात, एक हातात. "तू पाहिलंस?"

"मग कोण पाहणार? मीच आधी उठते." आई आमटी वाढत होती. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "मी म्हटलं, हे काय पडलंय इथं. वाकून ओढलं, तर येईना."

शालीचं टोक शिंप्याच्या गोष्टीत नव्हतं. बँकवाल्याच्या नव्हतं, इंजिनिअरच्या नव्हतं, भावानंही ते कधी सांगितलेलं नव्हतं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. भावाच्या हातात चप्पल तशीच होती.

"तपकिरी शाल," मी म्हटलं. "मीच गोंधळले. हॉस्पिटलात गेले ते काका. बाबा घरीच गेले."

त्यानं पायातलीही चप्पल काढली. येऊन बसला आणि खिरीची वाटी संपवली. मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. मला हायसं वाटलं, आणि आमच्या तिघांशिवाय आणखी कुणीतरी जेवायला बसलंय असं वाटलं.

भांडी घासताना मी आईला हळूच म्हटलं, "बरं झालं तू बोललीस. शालीचं बरं सुचलं तुला."

"सुचलं म्हणजे?" आई म्हणाली. "पाहिलं ते सांगितलं." मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. आईला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलताना ती डावा कान ओढते. तिचे दोन्ही हात साबणात होते आणि ती ताटाकडे बघत होती.

अहवाल मी वेळेत दिला. सर म्हणाले, छान, पण सोर्स मोकळा का ठेवलास? मी म्हटलं, सापडला नाही. भावाला मी, सरांनी सांगितल्याप्रमाणे, मोजलं नव्हतंच. आईला आणि मला मोजायचं की नाही, ते मी विचारलं नाही.

बाबा कुठे गेले, ते कागदावर आहे. दाखला आईच्या कपाटात आहे, त्यावर हॉस्पिटल आहे, मे महिना आहे. मी तो काढून वाचला आहे. वाचताना सगळं पटतं. कागद ठेवला की मात्र मला बाबांचा हात आठवत नाही. पूर्वी एसीची घरघर, त्यांच्या नखांचा रंग, सगळं यायचं. आता डोळे मिटले की धुकं येतं, फरशी येते आणि तपकिरी लोकरीचं एक टोक येतं. ते टोक मी ओढते आणि ते येत नाही. हे मला कुणी सांगितलेलं नाही. हे मला आठवतं. आणि माझ्या बाबांचा हात माझ्याकडून गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

परवाच्या थंडीत मी दुपारची घरी गेले होते. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. आई पलंगावर झोपली होती, अंगावर तपकिरी शाल. बाबांकडे तशी शाल कधीच नव्हती. मी ती ओळखीची नाही म्हणून हात लावून पाहिली, तर आई डोळे न उघडता म्हणाली, "त्यांचीच आहे. काढू नकोस." दारातून गार वारा सरळ तिच्या छातीवर येत होता, आणि तिला खोकला होता. कडी नसली तरी दार लोटून ठेवता येतं, असा विचार करून मी वीट पायानं बाजूला केली आणि दार ढकललं.

दार अर्ध्यावर येऊन थांबलं. दमट हवेनं लाकूड फुगतं, मला माहीत आहे. मी खांदा लावला. लाकडाला लागतं तसं कडक काही लागलं नाही. पलीकडे मऊ होतं, आणि माझ्या जोरानं ते किंचित हललं.

बाथरूममधून भावाचं गुणगुणणं येत होतं. म्हणजे तो होता, आत होता, सकाळपासून घराबाहेर पडला नव्हता. मी त्याचा आवाज ऐकत तशीच उभी राहिले. मग वीट उचलून दाराशी पुन्हा नीट लावली.

"नाही लावत, बाबा," मी म्हटलं.